प्रकल्प नोंदी : कोशर मीठ आणि चमच्यातली हवा

४ जून
अमेरिकन घरगुती पाककृतींच्या संग्रहाचं पहिलं वाचन आज संपलं. कृती ११२. भाषा सोपी आहे, वाक्यं छोटी आहेत, अनुवाद अडेल असं वाटत नाही. एक शब्द मात्र पानापानावर भेटतो : कोशर मीठ. मोजलं तर ८७ कृतींमध्ये आहे. ‘मीठ’ एवढंच लिहिलेल्या कृती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तूर्त पेन्सिलीने ‘जाडं मीठ’ असं लिहून पुढे सरकलो आहे. डब्यावर ‘कोर्स’ असं छापलेलं असतं, म्हणजे जाडंच की.

९ जून
चाचणीची पहिली कृती बिघडली. अख्खी कोंबडी मिठाच्या पाण्यात आठ तास ठेवून मग भट्टीत भाजायची होती. एक लिटर पाण्याला अर्धा कप कोशर मीठ. ते हाताशी नव्हतं म्हणून मी वहिनींना म्हटलं, आपलं रोजचं घाला, मीठ ते मीठ. संध्याकाळी रंग असा सुरेख आला होता की भाजणी जमली म्हणून सगळे खूश. पहिला घास कोणालाच गिळवला नाही. छातीचं मांस, जे एरवी अळणी राहतं, तेसुद्धा इतकं खारट की जिभेला झोंबत होतं.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भाऊजी, अर्धा कप लिहिलं होतं, अर्धाच घातला. शीगसुद्धा लावली नव्हती. कृती चुकीची आहे.”

त्यांचं माप चुकलेलं नव्हतं, आणि कृतीही चुकीची नव्हती. चुकीचा शब्द माझा होता. दोन किलोची कोंबडी वाया गेली आणि वहिनींची दुपार त्यात गेली, याचं वाईट वाटतं आहे. हाच अनुवाद छापून गेला असता तर असं किती स्वयंपाकघरांत झालं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही. मिठाचा निकाल लागल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही.

१३ जून
संपादकांनी कोशर मिठाचे दोन डबे मिळवून दिले. अमेरिकेत जी दोन नावं सर्रास चालतात तीच : डायमंड क्रिस्टल आणि मॉर्टन. लाल डबा आणि निळा डबा.

वजनकाटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मापाचा टीस्पून (५ मिलिलिटरला जरासा कमी), सुरीच्या पाठीने सपाट केलेला. एकेक चमचा तोलण्यापेक्षा दहा चमचे एकत्र तोलून दहाने भागलं, म्हणजे हाताचा फरक मुरतो.

रोजचं बारीक मीठ : ६ ग्रॅम
मॉर्टन कोशर : ४.८ ग्रॅम
डायमंड क्रिस्टल कोशर : २.८ ग्रॅम

शेवटचा आकडा पाहून काटा बिघडला असं वाटलं. पुन्हा शून्यावर आणून दहा चमचे पुन्हा तोलले. तेच. मग वहिनींनी स्वतः भरून पाहिलं. तेच.

म्हणजे कोंबडीच्या अर्ध्या कपात (चोवीस टीस्पून) डायमंड असतं तर ६७ ग्रॅम मीठ पडलं असतं. आम्ही घातलं १४४. दुपटीहून जास्त. गंमत म्हणजे मॉर्टन घातलं असतं तरी ११५ ग्रॅम झालं असतं. ‘कोशर मीठ’ हे शब्द अगदी बरोबर वाचूनही कृती बिघडू शकते, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. डबा कुठला हे कळल्याशिवाय त्या दोन शब्दांना मापाच्या दृष्टीने अर्थच नाही.

संपादकांना लिहिलं : मूळ लेखिकेला विचारा, तुमच्या स्वयंपाकघरात डबा कोणता?

१४ जून
भिंग घेऊन बसलो. काळ्या कागदावर तीन चिमटी.

रोजचं मीठ म्हणजे फासे. सहा बाजूंचे, कडा किंचित झिजलेले, सगळे जवळपास एका मापाचे. चमच्यात पडले की एकमेकांना चिकटून बसतात, खालच्या फटींत वरचे घुसतात.

मॉर्टनचे दाणे चपटे. कोणी लाटण्याखाली घालून दाबल्यासारखे, आणि खरोखरच तसंच आहे : तयार दाणे रुळांमधून काढून त्यांच्या पापड्या करतात. कडा वेड्यावाकड्या, पण दाणा भरीव. बोटाने दाबला तर टोचतो.

डायमंड क्रिस्टल बघताना मात्र भिंग खाली ठेववेना. बरेचसे तुकडे मोडलेले होते, पण मधूनच एक अख्खा सापडायचा : चार बाजूंचा, आतून पोकळ पिरॅमिड. भिंती पायऱ्यापायऱ्यांच्या. बोटात धरला की चुरतो, आवाजसुद्धा होत नाही. हे आकार खाऱ्या पाण्याच्या पृष्ठभागावर जन्मतात. पाणी आटताना वर एक इवलासा चौकोनी स्फटिक धरतो आणि तरंगत राहतो. वाढ होते ती त्याच्या वरच्या कडांना. वजनाने तो जरा खाली जातो, कडेला आणखी एक, आधीपेक्षा रुंद चौकट चढते. पुन्हा जरा खाली, पुन्हा एक चौकट. असं करत करत उलटा, पोकळ मनोरा तयार होतो आणि शेवटी बुडतो. मिशिगन राज्यातल्या सेंट क्लेअर इथे ज्या आल्बर्जर पद्धतीने हे मीठ करतात, तिचं गुपित हेच. रोजचं मीठ बंद भांड्यात, हवा ओढून घेऊन, हलत्या पाण्यात आटवतात. तिथे स्फटिकाला सगळीकडून सारखं वाढायला मिळतं, म्हणून तो फासा होतो.

वहिनी भिंगातून बघून म्हणाल्या, “अहो, हे तर नुसतं टरफल आहे.” यापेक्षा नेमकं मला लिहिता येणार नाही.

१५ जून
कालच्या टरफलाचा हिशेब. मिठाची घनता २.१६. म्हणजे टीस्पून मिठाच्या एका अखंड ठोकळ्याने भरला तर साधारण १०.६ ग्रॅम मावेल. त्यातलं रोजचं मीठ भरतं ६, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त जागा. डायमंड भरतं २.८. चमच्याचा जेमतेम चौथा हिस्सा. उरलेले तीन हिस्से हवा. आपण चमच्याने हवाच मोजत असतो.

‘कोशर मिठात सोडियम कमी’ ही समजूत यातूनच निघाली असावी. अमेरिकन डब्यांवर पाव टीस्पूनचा आकडा छापतात : बारीक मिठाला ५९० मिलिग्रॅम, डायमंडला २८०. वाचणाऱ्याला वाटतं निम्मं. वजनाने बघितलं तर दोन्हींत सोडियम ३९ टक्क्यांच्या आसपासच, कारण दोन्ही सोडियम क्लोराइडच. रक्तदाबासाठी कोणी हे मीठ महाग पडलं तरी आणत असेल आणि चवीपुरतं होईपर्यंत घालत असेल, तर पोटात तेवढंच सोडियम जातं. हे पुस्तकात ठळक लिहायला हवं. इथे चूक झाली तर ती एका जेवणापुरती राहत नाही.

१८ जून
‘कोशर’ या शब्दाकडे वळलो. हिब्रू शब्द, अर्थ योग्य, खाण्यास उचित. माझी समजूत होती की हे मीठ कोणीतरी मंत्रून, पवित्र करून देत असावं. तसं काही नाही. साधं मीठ, त्यात काही निषिद्ध मिसळलेलं नसेल तर, एरवीही ज्यू घरात चालतं. नाव पडलं ते कामावरून : मांस कोशर करण्यासाठी लागणारं मीठ.

तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, रक्त खाण्याला मनाई आहे. लेवीयच्या पुस्तकात आहे आणि पुन्हा पाचव्या पुस्तकातही, ज्याला मराठी बायबलमध्ये ‘अनुवाद’ म्हणतात. (अनुवादकाला तिथे थोडं थांबावंसं वाटलंच.) रक्त म्हणजे प्राण, म्हणून ते खायचं नाही. मग मांसातलं रक्त काढायचं कसं? मांस अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायचं. निथळून सगळ्या बाजूंनी मीठ लावायचं. उतरत्या किंवा भोकं असलेल्या फळीवर एक तास ठेवायचं, म्हणजे सुटलेलं पाणी खाली वाहून जातं, साचून मांसाला पुन्हा लागत नाही. मग तीनदा धुवायचं. यकृतात (कलेजीत) रक्त फार, तिथे मीठ पुरं पडत नाही, ते आगीवर भाजूनच घ्यावं लागतं. माशाला यातलं काहीच नाही.

आता या कामाला दाणा कसला हवा? फार बारीक असला तर ओल्या मांसावर क्षणात विरघळून जाईल. खूप मोठा खडा असला तर टिकणार नाही, घरंगळून पडेल. मधला, चपटा, पृष्ठभागाला धरून बसणारा दाणा हवा. तो तासभर बसतो, पाणी ओढतो आणि शेवटी धुऊन निघतो. आकारामागचं कारण हे आहे. अमेरिकन आचाऱ्यांनी हे मीठ उचललं ते धर्मासाठी नाही, बोटांसाठी. फासे चिमटीतून निसटतात. पापडी बोटात धरली जाते, किती घेतलं ते कळतं आणि पदार्थावर पडलेलं डोळ्यांना दिसतं.

म्हणजे ‘जाडं मीठ’ खोडायचं. आपल्याकडे जाडं मीठ म्हटलं की डोळ्यांसमोर खडा येतो, भरीव आणि जड. वाचक खडा कुटून चमचा भरणार आणि माझ्या ९ तारखेच्या जागी जाऊन बसणार. ‘पवित्र मीठ’ तर साफ चूक. शब्द ‘कोशर मीठ’ असाच ठेवतो. पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या पानाची टीप.

२३ जून
उत्तर आलं. लेखिकेच्या घरी डायमंड क्रिस्टल. मात्र शेवटच्या भागातल्या ९ कृती तिच्या मावशीच्या वहीतून आहेत, आणि मावशी मॉर्टन वापरायची. मूळ पुस्तकात याचा कुठेही उल्लेख नाही. विचारलं नसतं तर कळलं नसतं.

२४ जून
८७ कृतींचा तक्ता. ७८ ठिकाणी टीस्पूनला २.८ ग्रॅम, ९ ठिकाणी ४.८. मुख्य माप ग्रॅममध्ये, शेजारी रोजच्या बारीक मिठाचं चमच्यातलं माप. ढोबळ नातं असं : बारीक मीठ १ टीस्पून म्हणजे मॉर्टन सव्वा टीस्पून, डायमंड दोन टीस्पूनला थोडं जास्त. घरातल्या चहाच्या चमच्याने मोजू नका, हेही लिहिलं. वहिनींचे चार चमचे मापून पाहिले, चारही वेगळे.

२८ जून
चव. हाच प्रश्न सगळे आधी विचारतात, म्हणून नीट करायचं ठरवलं.

२०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम मीठ, तोलून. तीन मिठांचे दोन-दोन, असे सहा पेले. खाली खूण, वर काही नाही. घरातल्या चौघांनी चाखले. कोणालाही जोड्या लावता आल्या नाहीत. “आयोडीनवालं कडवट लागतं, मी ओळखीन,” असं छातीठोक सांगणाऱ्या दादाने डायमंडच्या पेल्यावर बोट ठेवलं. चौघांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण विरघळून गेल्यावर मीठ ते मीठच, एवढं मला पटलं. ९ जूनला मी हेच वाक्य वहिनींना बोललो होतो. वजनाला धरून ते खरं होतं, चमच्याला धरून खोटं.

मग कोरडं. काकडीच्या चकत्यांवर समान वजनाची चिमूट. इथे चौघांनीही न बघता फरक सांगितला. डायमंडची पापडी जिभेवर पडते, कुरकुरते आणि विरते, खारटपणा एकदम येतो आणि जातो. फासा मागे रेंगाळतो. मॉर्टन दाताखाली येतं.

पेल्यात न ढवळताही टाकून पाहिलं. डायमंड काही क्षण वर तरंगतं, खाली उतरता उतरता बरंचसं नाहीसं होतं. फासे सरळ तळाला जातात आणि तिथे ढीग करून बसतात.

३ जुलै
लोणच्याच्या कृती. दोन जातींच्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात.

व्हिनेगरमधली काकडी : रोजच्या मिठाची बरणी गढूळ झाली, डायमंडची स्वच्छ राहिली. गढूळपणा मिठाचा नाही, मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेल्या पदार्थाचा. आमच्या पुडीवर कॅल्शियम सिलिकेट लिहिलं आहे, ते पाण्यात विरघळत नाही. खायला अपाय नाही, दिसायला वाईट. डायमंडमध्ये असं काही घालत नाहीत. मॉर्टनच्या कोशरमध्ये सोडियम फेरोसायनाइड असतं. नाव वाचून वहिनींनी डबा खालीच ठेवला. त्यात सायनाइड लोहाला घट्ट बांधलेलं असतं आणि प्रमाण अत्यल्प असतं, म्हणून अन्नात चालतं, हे समजावून सांगितलं. टीपेत हे एका ओळीत येईल, घाबरवणारं काही नको.

आंबवलेली कोबी : इथे पाणी गढूळ होतंच, ते जिवाणूंचं काम आहे, मिठाला दोष देऊ नये. इथे मिठाचं काम चवीपलीकडचं आहे. एक किलो कोबीला २० ग्रॅम, म्हणजे २ टक्के. कमी पडलं तर नको ते जिवाणू माजतात आणि कोबी लिबलिबीत होते, फार झालं तर आंबणंच रखडतं. २० ग्रॅम म्हणजे बारीक मीठ सव्वातीन टीस्पून, डायमंड सातहून थोडे जास्त. सव्वातीन चमचे डायमंड घालून कोणी बरणी झाकून ठेवली, तर प्रमाण १ टक्क्याच्या खाली. या कृतीत चमचा पूर्ण काढून टाकला. फक्त ग्रॅम. संपादकांनी “वाचकांकडे काटा नसला तर?” असं विचारलं. मी म्हटलं, काटा नसेल तर ही एक कृती करू नये. त्यावर ते काही बोलले नाहीत, पान तसंच राहिलं.

७ जुलै
बिस्किटं. पिठात लोणी जास्त, पाणी जवळजवळ नाही. मॉर्टनच्या पापड्या विरघळल्याच नाहीत, मधूनच खारट कण लागले. अशा ठिकाणी बारीक मीठच बरं, अर्थात तोलून. पावाला फरक पडला नाही : ५०० ग्रॅम मैदा, १० ग्रॅम मीठ, मळताना सगळं पाण्यात गेलं.

१२ जुलै
वहिनींनी आज सहज विचारलं, “इतकं छान आहे तर रोजचं बंद करून हेच आणायचं का?”

तोंडावर ‘हो’ आलं होतं. मग डबा उलटा करून वाचला. त्यात आयोडीन नाही. अमेरिकेत आयोडीन नसलेल्या मिठावर तसं छापावंच लागतं : हे मीठ आयोडाइड पुरवत नाही, आणि ते शरीराला आवश्यक आहे.

हे छापण्यामागे मोठी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या महासरोवरांभोवतीच्या (ग्रेट लेक्स) प्रदेशाला एकेकाळी गलगंडाचा पट्टा म्हणत, कारण तिथल्या मातीत आयोडीन कमी. पहिल्या महायुद्धाच्या भरतीत डॉक्टरांनी तरुणांच्या माना तपासल्या तेव्हा मिशिगनमधली व्याप्ती उघड झाली. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावच्या शाळकरी मुलींवर डेव्हिड मरीन यांनी आयोडीन देऊन दाखवून दिलं होतं की गलगंड टाळता येतो. स्वित्झर्लंडमध्ये मिठातून आयोडीन द्यायला १९२२ साली सुरुवात झालीच होती. मिशिगन विद्यापीठातले डॉ. डेव्हिड काउवी यांनी ते आपल्या राज्यात आणायला धडपड केली, आणि १ मे १९२४ रोजी मिशिगनच्या दुकानांत आयोडीनयुक्त मीठ विक्रीला आलं. ज्या राज्यात पोकळ पिरॅमिड होतात, त्याच राज्यात.

अमेरिकन आयोडीनयुक्त मिठात ग्रॅममागे ४५ मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईची त्याहून बरीच जास्त. म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आत दिवसाचं काम होतं. ज्या घरात मासे, दूध, अंडी पुरेशी खाल्ली जातात तिथे ही गरज इतर वाटेनेही भागते. जिथे नाही, तिथे केवळ पापडी सुरेख पडते म्हणून रोजचं मीठ बदलणं मला पटत नाही. विशेषतः घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर.

वहिनींना एवढंच सांगितलं : डबा वरच्या फळीवर, बरणी ओट्यावर, जशी आहे तशी. टीपेत हा परिच्छेद सर्वांत आधी घेतला आहे. संपादकांनी तो शेवटी नेला होता, मी परत वर आणला.

२० जुलै
कोंबडी पुन्हा. एक लिटर पाणी, ६७ ग्रॅम मीठ, आणि ते रोजचंच बारीक. मुद्दाम. आठ तास. वहिनींनी तोलताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, काट्याकडेच पाहत होत्या.

मांस आतपर्यंत रसाळ, मीठ सगळीकडे सारखं, हाडाजवळसुद्धा. कोशरचा एक दाणाही न वापरता. वहिनींनी स्वतःच्या वहीत ‘अर्धा कप’ खोडून ‘६७ ग्रॅम’ लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

२४ जुलै
८७ पैकी ८३ कृतींत ग्रॅम लिहून झाले. तक्ता आणि टीप छपाईला जाण्यासाठी तयार.

उरलेल्या चार कृतींत मूळ लेखिकेने मापच दिलेलं नाही : भाजलेलं मांस कापून झाल्यावर, ताटात मांडल्यावर, वरून चिमूटभर भुरभुरायचं. तिथे काय लिहावं म्हणून वहिनींना प्रत्यक्ष करून दाखवायला सांगितलं. त्यांनी डायमंडच्या डब्यात तीन बोटं घातली, हात ताटापासून वीतभर वर नेला आणि बोटं चोळली. पापड्या सावकाश, पसरून पडल्या. कुठे पडल्या ते दिसत होतं. जिथे कमी वाटलं तिथे त्यांनी पुन्हा एकदा बोटं चोळली.

त्या चार ठिकाणी आकडा घातला नाही. ‘कोशर मीठ, चिमटीने, वरून’ असंच ठेवलं.